दिसू नये अशी काच

धावपट्टी समोर आहे हे मला ठाऊक होतं, पण ती दिसत नव्हती. सूर्य मावळतीला टेकलेला, आणि मी नेमकी त्याच्याकडे तोंड करून उतरत होते. शेवटचं वळण घेतलं आणि समोरची विंडशील्ड एकदम दुधाळ झाली, कुणी पिठाचा हात फिरवावा तशी. सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक गोल गोल वर्तुळं, आणि त्या जाळ्यामागे कुठेतरी धावपट्टी. दोन क्षण डोळे किलकिले करून पाहिलं, मग थ्रॉटल पुढे सारला आणि विमान परत वर घेतलं. वारा जवळजवळ पडलेलाच होता, म्हणून उलट्या बाजूने येऊन, सूर्य पाठीशी ठेवून उतरता आलं.

विमान हँगरमध्ये ढकललं आणि आधी ती काच पाहिली. स्वच्छ! सकाळीच तर पुसली होती. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, चकचकीत आहे की. सूर्य डोळ्यावर आला असेल तुझ्या."

मला पटेना. मी हँगरचे दिवे घालवले, वैमानिकाच्या जागेवर बसले आणि त्याला टॉर्च घेऊन विमानाच्या नाकापुढे उभं केलं. टॉर्च पेटला आणि मघाचं जाळं पुन्हा समोर उभं राहिलं. शेकडो बारीक चरे, सगळे त्या उजेडाभोवती फेर धरल्यासारखे. पहिला विचार आला तो हा की मी काच गोल गोल पुसते, त्याचेच हे व्रण. पण भाऊ टॉर्च घेऊन डावीकडे सरकला तशी वर्तुळंही डावीकडे सरकली. उजवीकडे गेला, वर्तुळं मागोमाग उजवीकडे. म्हणजे काचेवर वर्तुळं नव्हतीच. चरे सगळ्या दिशांना पसरले होते, आणि त्यांतले जे उजेडाला आडवे पडतील तेवढेच चमकत होते. उजेड जिथे नेऊ तिथे त्याच्याभोवती आडवे पडणारे चरे मिळतातच, आणि ते मिळून वर्तुळ दिसतं. हे कळल्यावर बरं वाटायचं काही कारण नव्हतं. उलट काचेची एक बोटभर जागाही सुटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरी बांधलेल्या विमानात दोष देण्यासाठी दुसरं कुणी सापडत नाही. सांगाडा मी जोडलेला, पत्रा मी ठोकलेला, काच मी बसवलेली, आणि ती पुसणारीही मीच. दोन वर्षांच्या उड्डाणांत माश्यांनी, धुळीने, पावसाने त्या काचेचं जेवढं वाटोळं केलं नसेल, तेवढं मी फडकं घेऊन केलं होतं. उतरलं की खिशातला रुमाल काढायचा आणि कोरडाच फिरवायचा. कधी कागदी टिश्यू. तोही मऊच वाटतो की हाताला. वर एक कापडी आच्छादन, ज्याच्या आत धूळ जाऊन बसलेली आणि जे वाऱ्याने रात्रभर काचेवर फडफडत राहायचं. म्हणजे मी नसताना पुसण्याची सोयसुद्धा मीच करून ठेवली होती.

काच म्हणायची सवय आहे म्हणून म्हणते, पण ती काच नाही. ते ॲक्रिलिक. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट हे त्याचं कागदोपत्री नाव. १९३३ साली जर्मनीत ते प्लेक्सिग्लास या नावाने आलं, ब्रिटनमध्ये त्यालाच पर्स्पेक्स म्हणतात. काचेच्या निम्म्याहून कमी वजन, आणि माझ्या खिडक्यांएवढ्या, म्हणजे तीनेक मिलिमीटर जाडीतून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक झाकणं, याच्याच होत्या. त्या फुटून त्यांचे कण जखमी वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळ्याने ते फारशी कुरकुर न करता सोसले. हे हॅरोल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रशल्यविशारदाच्या लक्षात आलं आणि १९४९ साली त्यांनी याच पदार्थाचं भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. मोतीबिंदूनंतर डोळ्यात जे भिंग बसवतात त्याचं मूळ हे. इतका सोशीक पदार्थ, फक्त माझ्या रुमालापुढे हरला.

कारण तो मऊ आहे. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते खऱ्या काचेलाही ओरखडतात, मग ॲक्रिलिकची काय कथा. त्यात कोरडं फडकं घासलं की पृष्ठभागावर स्थिर वीज तयार होते आणि आजूबाजूची धूळ त्यावर ओढली जाते. मी पुसायची, धूळ परत बसायची, मी परत पुसायची. नेटाने.

शेजारच्या हँगरमध्ये एक काका आहेत. त्यांनी आयुष्यात तीन विमानं बांधली आणि त्यांतलं तिसरं ते अजून उडवतात. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावलं. त्यांनी समोरची काच पाहिलीच नाही, आधी डाव्या दारापाशी गेले. खाली वाकून, खिडकी उजेडाच्या तिरकी धरून बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, समोरचं राहू दे. हे कधीपासून आहे?"

डाव्या खिडकीच्या वरच्या कडेला, स्क्रूंच्या भोवती, आतल्या आत बारीक रुपेरी तारा चमकत होत्या. सरळ बघितलं तर काहीच नाही. मान जरा कलती केली की माशाच्या खवल्यासारखी चमक. बोट फिरवलं तर हाताला काही लागत नव्हतं. ही क्रेझिंग. ओरखडा बाहेरून पडतो. ही चीर ॲक्रिलिकवरचा ताण स्वतःच पाडतो, आणि एखाद्या रसायनाने त्याला हात दिला तर फारच लवकर.

उजवी खिडकी मात्र ठणठणीत होती. दोन्ही एकाच शीटमधून कापलेल्या, एकाच आठवड्यात बसवलेल्या. मग डावीच का आजारी? काका पंखाकडे बघत होते. माझं विमान वरच्या पंखाचं, टाकीचं तोंड पंखावर, आणि मी शिडीवर चढून कॅनने पेट्रोल ओतते, बहुतेक वेळा डाव्याच टाकीत. ओतताना सांडलेले थेंब ओघळून येतात ते नेमके डाव्या खिडकीच्या वरच्या कडेवर. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन, अमोनिया असलेला काचा पुसायचा स्प्रे, यांतलं काहीही ॲक्रिलिकला लागू द्यायचं नाही, हे मला तोंडपाठ होतं. पण ते पुसण्याच्या बाबतीत. वरून ठिबकणारं पेट्रोल त्या यादीत मी कधी धरलंच नव्हतं.

दुसरं पाप भोकांचं. स्क्रू घट्ट बसावा म्हणून मी भोकं स्क्रूच्या मापाचीच पाडली होती. ॲक्रिलिक तापलं की ॲल्युमिनियमच्या तिप्पट पसरतं. एक मीटर लांबीला दर अंशाला सुमारे ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ॲल्युमिनियमला २३. माझी खिडकी ८० सेंटिमीटर. पहाटेचा गारवा आणि भर दुपारी उन्हात उभं विमान यांत ४० अंशांचा फरक धरला, तर खिडकी सव्वादोन मिलिमीटर वाढायला बघते आणि चौकट पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. उरलेला दीड मिलिमीटर जाणार कुठे? तो स्क्रूपाशी ताण होऊन बसतो, आणि त्या ताणावर पेट्रोलचा थेंब पडतो.

"हे घासून जाईल का?" मी विचारलं.

"नाही. खिडकी बदल. आणि उजवी काढून तिचीही भोकं मोठी कर, ती आजारी पडायच्या आत."

नव्या खिडकीबद्दल जास्त लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. ॲक्रिलिकला साधं ड्रिल बिट वापरू नका एवढंच सांगते. ते धातूत शिरतं तसं यातही शिरायला बघतं, पलीकडे निघताना धरतं आणि कोपरा उडवून नेतं. यासाठी निराळ्या धारेचं, टोकदार बिट मिळतं. काम उबेच्या वेळी करा, थंडीत हे प्लास्टिक चिडतं. कडा मात्र जीव लावून गुळगुळीत करा, कारण कडेला राहिलेल्या नखाएवढ्या खाचेतूनच पुढे तडा निघतो. मी दुपारभर नुसत्या कडा घासत बसले होते, आणि भावाने तीनदा येऊन विचारलं की खिडकी कधी बसवणार.

जुनी खिडकी फेकली नाही. तिचा चांगला भाग कापून सरावाला ठेवला. त्याआधी भावाने सराव म्हणून स्वतःच्या हेल्मेटची पुढची काच पुढे केली होती. मी त्याला थांबवलं. ती पॉलिकार्बोनेटची असते. दिसायला सारखी, वागायला वेगळी: आघाताला दणकट, पण ओरखड्याला ॲक्रिलिकपेक्षाही हळवी, आणि म्हणून तिच्यावर कडक थर दिलेला असतो. तो थर घासून काढला की काच कामातून गेली. काही घरगुती विमानांच्या खिडक्याही पॉलिकार्बोनेटच्या असतात, तेव्हा हातात पॉलिश पेपर घेण्याआधी आपल्या खिडकीची जात माहीत हवी.

सरावाच्या तुकड्यावर भावाने आनंदाने किल्लीने पाच-सहा रेघा ओढल्या. मला त्यांतली एकही सोडायची नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी मी जे केलं ते सगळं चुकीचं केलं. रेघेवरच बोट ठेवून, रेघेच्याच दिशेने, दाबून घासत राहिले. रेघ गेली. तिच्या जागी उथळ खळगा आला. तुकडा चौकटीच्या वहीसमोर धरला तर त्या जागी वहीच्या रेघा पोटात गेलेल्या, आणि तुकडा हलवला की त्या जिवंत असल्यासारख्या वळवळत होत्या. मी चरा पुसून एक छोटं भिंग बनवलं होतं.

दुसरी चूक वेळ वाचवण्याच्या नादात. ड्रिलला लोकरी चाक लावलं, पॉलिशचं बोट लावलं आणि सुरू केलं. चार-पाच सेकंदच झाले असतील. एकदम गोडसर जळका वास आला आणि चाकाखालचा भाग साय ओढल्यासारखा सुरकुतला. हा पदार्थ साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि एका जागी थांबलेलं चाक तिथवर सहज पोचतं. चाकाने काम करणारे लोक आहेत, त्यांचा हात तसा बसलेला असतो. माझा नाही. मशीन परत खोक्यात गेलं.

मग खरं काम. विंडशील्ड.

अंगठी काढली, घड्याळ काढलं, भावालाही काढायला लावलं. भोवतालच्या पत्र्यावर कागदी टेप लावला, दोन पदर. ॲल्युमिनियमला चुकून जरी घासलं तरी काळी पेस्ट सुटते आणि तिच्यातले कण काचेवर येतात. आत डॅशबोर्डवर जुन्या चादरी. मग नळाचं पाणी, हलक्या धारेने, भरपूर. फडकं नाही. पाणी सोडत सोडत उघडा तळहात फिरवायचा, सौम्य साबणाच्या पाण्याने पुन्हा एकदा, आणि पुन्हा साधं पाणी. आधी मला हे अति वाटलं होतं. पण बोटांखाली जेव्हा एक कण लागतो आणि तो घरंगळून जातो, तेव्हा कळतं की फडक्याला हे कधीच कळलं नसतं. फडकं त्याला पोटाशी धरून सगळ्या काचेभर फिरवतं. वाळलेल्या माश्यांवर ओलं फडकं नुसतं टाकून ठेवलं, पाच-दहा मिनिटं. त्या आपणहून सुटतात, नखं लावायची गरज नाही. खालच्या कडेला इंजिनाच्या तेलाचे ठिपके होते, ते रॉकेल लावलेल्या मऊ कापडाने टिपून घेतले आणि लगेच साबणपाण्याने धुतलं.

धुतल्यावर काच ओली असताना निर्मळ दिसते, सगळे चरे गायब. पाणी चऱ्यांत भरतं आणि तिथे उजेड मोडायचा थांबतो, म्हणून. त्या पाच मिनिटांत मला खरंच वाटलं की काही करायची गरजच नाही. मग काच वाळली.

काळ्या मेणखडूने मी चऱ्यांची वर्गवारी केली. नख आडवं फिरवायचं. नखाला अडला तर खोल, नाही अडला तर वरवरचा. वरवरच्यांची गणती नव्हती. नखाला अडणारे चार निघाले. तीन खालच्या कोपऱ्यांत, आणि एक, बोटभर लांबीचा, माझ्या बरोबर नजरेसमोर, जरासा उजवीकडे.

मायक्रोमेश नावाचा कापडी पॉलिश पेपर मिळतो, खास ॲक्रिलिकसाठी हेच वापरतात. १५०० पासून सुरू होतो, मग १८००, २४००, ३२००, ३६००, ४०००, ६०००, ८००० आणि शेवटी १२०००. हे आकडे साध्या पॉलिश पेपरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. साधा १५०० आणि हा १५०० यांत बराच फरक, हा पुष्कळ खरखरीत. यात घासणारे कण मऊ थरावर बसवलेले असतात, त्यामुळे दाब पडला की ते जरा आत दबतात आणि खोल रुतत नाहीत. दाबून घासलं तर हा सगळा फायदा घालवून बसता. पेपर मऊ फोमच्या ठोकळ्याला गुंडाळला, एका हाताने पाण्याची फवारणी, दुसऱ्या हाताने सरळ रेषेत मागेपुढे.

कोपऱ्यातल्या चऱ्यांसाठी १८०० पासून, बाकी सगळी काच ३२०० पासून. एका नंबरने उभं घासायचं, पुढच्याने आडवं. आधीच्या नंबरच्या सगळ्या रेघा जाईपर्यंत पुढे जायचं नाही, आणि दिशा बदलल्यामुळेच त्या गेल्या की नाही ते दिसतं. प्रत्येक नंबरला क्षेत्र थोडं वाढवत न्यायचं, म्हणजे खळगा न होता उतार पसरट होतो. पहिल्या नंबरानंतर काच बाथरूमच्या खिडकीसारखी धूसर झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. चालत्या विमानाची विंडशील्ड आपण स्वतःच्या हाताने आंधळी केली आहे, आणि आता परतीचा रस्ता फक्त पुढूनच आहे.

३६०० वर असताना एक आवाज आला. अगदी बारीक, 'कर्र'. खरं तर आवाजापेक्षा हाताला कळलं. मी थांबले, पण हात चालूच असल्यामुळे दीड वीतभर रेघ पडून गेली होती, सरळ आणि स्वच्छ, पट्टीने आखावी तशी. पेपर उलटा केला तर कडेला खसखशीएवढा कण चिकटलेला. कुठून आला देव जाणे. बहुधा आधीच्या नंबरचंच पाणी बादलीत तसंच राहिलं होतं आणि मी फोम त्यातच बुडवत होते. पाणी प्रत्येक नंबरला बदलायचं हे मला माहीत होतं. दुपारी चारनंतर मला माहीत असलेल्या गोष्टी मी करेनाशी होते, हाही त्या दिवशी लागलेला शोध. २४०० वर परत गेले. त्या एका कणाने पावणेदोन तास खाल्ले. त्यानंतर दोन बादल्या ठेवल्या, एक धुवायला, एक विसळायला, आणि भावाचं एकच काम: नंबर बदलला की दोन्ही ओतून देणे. त्याने ते इतकं मनावर घेतलं की नंबर बदलला नसतानाही दोनदा ओतून आला.

आता राहिला नजरेसमोरचा चरा. १८०० चा पेपर हातात घेतलाच होता, तेवढ्यात काका आले.

"तो काढणार आहेस?"

"समोरच आहे ना अगदी."

"एका चऱ्याने काय होतंय? उडताना तो शोधूनही सापडणार नाही तुला, नजर लांबवर असते. तिथे खळगा केलास तर मात्र धावपट्टी वाकलेली दिसेल, आणि ती रोज दिसेल."

मी वाद घातला. उतार पसरट ठेवीन, हातभर जागेत नेईन. ते म्हणाले, "नेशील गं. पण ते कोपऱ्यात करून बघितलंयस, तिथून वही धरून बघ आधी." भावाने चौकटीची वही बाहेरून धरली आणि मी आत बसून खालच्या कोपऱ्यातून पाहिलं. डोकं स्थिर ठेवलं तर रेघा सरळ. डोकं डावीकडून उजवीकडे नेलं की दोन चौकटी किंचित श्वास घेतल्यासारख्या हलायच्या. कोपऱ्यात ते चालेल. उतरताना, जमीन किती खाली आहे हे जिथून जोखायचं तिथे नाही चालणार. १८०० चा पेपर मी ठेवून दिला. त्या चऱ्यावरून फक्त बाकीच्या काचेसारखाच बारीक हात फिरवला, त्याच्या कडा जरा बोथट झाल्या, आणि तो तसाच आहे अजून.

८००० नंतर एक चमत्कार होतो, आणि १२००० नंतर तर काच परत काच होते. त्यावर बारीक क्रीमचं पॉलिश, जुन्या फ्लॅनेलच्या कापडाने, हाताने, एका जागी न रेंगाळता. आतल्या बाजूला पेपर लावलाच नाही, तिथे नुसतं धुकट होतं ते क्रीमनेच गेलं. शेवटी मेणाचा पातळ थर. मेण राहिलेले अगदी बारीक चरे भरून काढतं आणि धूळही कमी धरते. या शेवटच्या थरावरून विमान बांधणाऱ्यांत जेवढे वाद होतात तेवढे इंजिनावरून होत नसतील. फर्निचरचं फवारायचं पॉलिशच सगळ्यांत उत्तम असं छातीठोकपणे सांगणारे अर्धे, आणि विमानाच्या काचेसाठीच बनवलेलं हवं म्हणणारे अर्धे. काका फर्निचरवाले. मी डबी वाचून, अमोनिया किंवा असलं काही त्यात नाही हे बघून, खास काचेचं घेतलं. दोघांच्या काचा सारख्याच दिसतात, आणि यावर आम्ही बोलत नाही.

पुसण्याची दिशा हा एकच मुद्दा मला त्या पहिल्या रात्रीच्या टॉर्चने शिकवला होता. कितीही जपलं तरी बारीक चरे पडणारच. ते सगळ्या दिशांना पडले तर सूर्य कुठेही असो, त्याच्याभोवती जाळं उभं राहणार. एकाच दिशेने पडले तर उजेड फक्त त्यांना आडवा, एका रेषेत पसरतो आणि बाकीची काच मोकळी राहते. म्हणून शेवटचं कापड, क्रीमचं आणि मेणाचंही, विंडशील्डवर मी फक्त खालून वर आणि वरून खाली फिरवलं. आता रोजचं पुसणंही तसंच. आधी पाणी, मग हात, मग ओलं मऊ कापड, उभं. आच्छादन धुऊन, आतून मऊ अस्तर लावून घेतलं, आणि काच धुतलेली नसेल तर ते घालतच नाही. पेट्रोल ओतताना डाव्या खिडकीच्या वर ओला टॉवेल पसरलेला असतो. शिडीवरून उतरले की मी तो उचलायला विसरते आणि भाऊ ओरडतो.

सगळं धरून चार दिवस गेले. पाचव्या दिवशी रात्री पुन्हा दिवे घालवून टॉर्च लावला. जाळं नव्हतं. कोपऱ्यांत दोन-चार तुटक धागे, आणि उजवीकडे तो बोटभर चरा, एकटाच.

त्यानंतरच्या आठवड्यात मुद्दाम तीच वेळ साधली, तीच धावपट्टी, सूर्य पुन्हा थेट समोर. वळण घेऊन अंतिम टप्प्यात आले तेव्हा श्वास जरा रोखलेलाच होता. सूर्य होता तसाच प्रखर, डोळ्याला पाणी आणणारा. पण त्याच्या भोवती काही नव्हतं. फक्त डावी-उजवीकडे एक बारीक आडवी रेघ निघाली होती, काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. माझ्या उभ्या हातांची. तिच्या खाली धावपट्टीच्या कडा दिसत होत्या, टोकाशी रंगवलेला आकडा दिसत होता, आणि त्याच्या अलीकडे वाढलेलं गवत.